मे महिन्यात ठाणे-नवी मुंबईचा हवामान अंदाज कसा वाचायचा: आकड्याआधी वारा

मे उजाडला की बातम्यांत एक ओळ रोज येते: "मुंबईचं कमाल तापमान ३४ अंश." हा आकडा कुलाबा नाहीतर सांताक्रूझच्या वेधशाळेतला असतो. त्याच दुपारी घोडबंदर रोडला, कळव्यात किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीत काय चाललंय याचा त्यातून पत्ता लागत नाही. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आडवे आलेत. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला पारसिकची डोंगररांग यांच्या बेचक्यात बसलाय. एकाच तापमानाचा सदरा या सगळ्यांना बसत नाही.

हा लेख ज्यांना मे महिन्यात काही ठरवायचंय त्यांच्यासाठी आहे. हळदीचा मंडप कधी बांधायचा, मिरच्या गच्चीवर कधी टाकायच्या, सोसायटीच्या टेरेसचं वॉटरप्रूफिंग कधी उरकायचं, साइटवरच्या माणसांना दुपारी किती वाजता सावलीत आणायचं, असे ते प्रश्न. माझं म्हणणं थोडक्यात असं: आपल्याकडे मे महिन्याचा दिवस कसा जाणार हे तापमानापेक्षा वाऱ्यावरून लवकर कळतं. तो कुठून येतोय आणि किती वाजता फिरतोय, एवढं बघायची सवय लावली की अर्धा अंदाज हातात येतो.

आधी आपला जिल्हा ठरवा

हे वाचून हसू येईल, पण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. हवामान विभागाचे इशारे जिल्ह्यानुसार निघतात आणि "नवी मुंबई" नावाचा जिल्हा नाही. दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. बेलापूर ओलांडून खारघरला गेलात की रायगड जिल्हा सुरू. कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे, उरण हे सगळं रायगडात. पत्त्यावर नवी मुंबई लिहिलं म्हणून खारघरकरांनी ठाण्याचा इशारा बघत बसू नये. त्यांच्यासाठी रायगडचा रंग लागू.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ठाणे जिल्हा म्हणजे फक्त तलावपाळी नव्हे. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावरही हा जिल्हा खाडीपासून थेट शहापूर-मुरबाडच्या घाटापर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे "ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस" असा पिवळा इशारा आला आणि तुमच्या वागळे इस्टेटमध्ये थेंबही पडला नाही, तर अंदाज चुकला असं लगेच म्हणू नका. तो पाऊस मुरबाडला पडून गेलेला असतो.

"तुरळक" या शब्दालाही ठरलेलं माप आहे. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर, काही ठिकाणी म्हणजे साधारण निम्म्यापर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे तीन चतुर्थांशापर्यंत आणि त्यापुढे बहुतेक सर्व ठिकाणी. मे महिन्यात आपल्या वाट्याला बहुतेक वेळा पहिला शब्दच येतो.

रंगांचा अर्थ असा: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं काम सोडून आता कृती करा. पिवळ्याला घाबरून कार्यक्रम रद्द करायचा नसतो आणि नारिंगीकडे "असं रोजच सांगतात" म्हणून काणाडोळा करायचा नसतो.

कुठला अंदाज कशासाठी वापरायचा

उदाहरण घेऊ. समजा घणसोलीत मेच्या तिसऱ्या शनिवारी हळद आहे. गावच्या मैदानात मंडप, पाचेकशे माणूस, जनरेटर, डीजे, रात्री उशिरापर्यंत जेवणं. आगरी-कोळी हळद हॉलमध्ये मावत नाही, ती मोकळ्यावरच होणार. मग कधी काय बघायचं?

तीन-चार आठवडे आधी फक्त कल दिसतो. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यात अमुक आठवड्यात कोकणात सरासरीपेक्षा जास्त पाऊस की कमी, तापमान चढं की उतरतं, एवढंच असतं. तारीख त्यातून कळत नाही आणि ती शोधूही नये. त्या आठवड्यात पाऊस सरासरीपेक्षा जास्त दिसत असेल तर मंडपवाल्याशी बोलताना नुसतं कापड न घेता पत्र्याचा किंवा जाड ताडपत्रीचा भाव विचारून ठेवायचा. या टप्प्यावर इतकंच काम.

पाच ते सात दिवस आधी जिल्हावार अंदाज उपयोगाला येतो. आता मेघगर्जनेचा इशारा आहे का, अरबी समुद्रात काही शिजतंय का, वाऱ्याचा वेग किती सांगितलाय हे बघा. इथे पावसाच्या शब्दापेक्षा "ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा" ही ओळ महत्त्वाची. मंडप पावसाने पडत नाही, वाऱ्याने पडतो.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी दुपारपर्यंत रोजचा अंदाज ताजा करून घ्या. शेवटचे तीन तास तात्कालिक अंदाजाचे, म्हणजे ज्याला सगळे नाऊकास्ट म्हणतात त्याचे. तो रडारवर ढग प्रत्यक्ष दिसल्यावरच निघतो, म्हणून सगळ्यात भरवशाचा तोच.

फोनमधलं जे अ‍ॅप पुढच्या दहा दिवसांचा तासातासाचा पाऊस दाखवतं, त्यावर फार विसंबू नका. "शनिवार, संध्याकाळी ७, पाऊस ४० टक्के" असं आठवडाभर आधी दिसतं तेव्हा ते जागतिक मॉडेलचं गणित असतं. त्या मॉडेलच्या एका चौकोनात खाडी, पारसिकचा डोंगर आणि मुंब्रा असं सगळं एकत्र येऊ शकतं. तिसऱ्या दिवसापुढचे तास मी बघतच नाही. आणि "पुढचे ४८ तास मुंबई-ठाण्यासाठी अत्यंत धोक्याचे" असा तारीख नसलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आत्याने, काकांनी, कोणीही पाठवला तरी तो पुढे ढकलायचा नाही. हवामान विभागाच्या प्रत्येक पत्रकावर दिनांक आणि वेळ असते. ती नसेल तर ते पत्रक नव्हे.

सकाळी अकराला वारा बघा

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात, ते परीक्षेनंतर आपण विसरतो. मे महिन्यात मात्र तेच आपलं वेळापत्रक ठरवतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून हलकासा येतो. ऊन चढलं की जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा आत शिरतो. तो अकराच्या सुमारास आला की तापमान ३३-३४ ला अडतं. घाम भरपूर येतो, पण पारा वर जात नाही.

खरी पंचाईत होते ती हा वारा अडला की. वरच्या थरात पूर्वेचे वारे जोरदार असतील तर ते खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच थोपवून धरतात. दख्खनच्या पठारावर तापलेली कोरडी हवा घाट उतरून खाली येते आणि उतरताना आणखी तापते. अशा दिवशी एक-दोन वाजेपर्यंत पारा ३८ च्या पुढे जातो. बदलापूर, कर्जत, मुरबाड तर सहज चाळिशी गाठतात. मग दुपारी दोन-तीनला कधीतरी खारा वारा शिरतो आणि अर्ध्या तासात हवा बदलते. कुलाब्याला तो आधी पोचतो. आपल्याकडे, विशेषतः येऊरच्या आडोशाला आणि पारसिकच्या पायथ्याला, उशिरा.

म्हणून सकाळी साडेदहा-अकराला गच्चीवर किंवा खिडकीत उभं राहा. देवळाचा झेंडा, वाळत घातलेले कपडे, कारखान्याच्या चिमणीचा धूर यांपैकी जे दिसेल ते बघा. धूर पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे नवी मुंबईत खाडीकडून डोंगराकडे आणि ठाण्यात येऊरकडून खाडीकडे, जात असेल तर दिवस नेहमीचा, चिकट. अकरा वाजून गेले तरी धूर पूर्वेकडून पश्चिमेकडे येत असेल आणि हवा एकदम कोरडी लागत असेल, तर उन्हातली कामं बारा ते चार बंद ठेवायची. कुठला इशारा आलाय की नाही याची वाट बघू नका.

या कोरड्या दिवसाचा फायदा मात्र वाळवणाला होतो. मिरच्या, कुरडया, पापड, सुकट यांना ऊन जितकं लागतं तितकीच कोरडी हवा लागते. पूर्वेचा वारा सुटलेल्या दिवशी एका उन्हात जे काम होतं, ते खाऱ्या वाऱ्यात तीन उन्हांतही होत नाही. पण वारा पश्चिमेला फिरला की लगेच वाळवण उचला. तासभर तसंच राहिलं तर कडक झालेली मिरची पुन्हा लवचीक होते आणि मग डंकावरून परत पाठवतात.

दमटपणाचे टक्के फसवे असतात

बातमीत "आर्द्रता ८० टक्के" म्हणतात ती बहुधा सकाळची असते. सकाळी २९ अंश आणि ८० टक्के, दुपारी ३४ अंश आणि ६० टक्के. टक्के उतरले म्हणून हवा कोरडी झाली असं वाटतं, पण दोन्ही वेळी हवेतली वाफ तितकीच असते. त्यासाठी अ‍ॅपमध्ये दवबिंदू हा आकडा शोधा, म्हणजे किती अंशांपर्यंत गार झाल्यावर हवेतली वाफ दव होऊन जमायला लागते ते. वरच्या दोन्ही वेळी तो २५ अंशांच्या आसपास निघतो. पूर्वेच्या वाऱ्याच्या दिवशी ३८ अंश आणि २५ टक्के असतील तर दवबिंदू १५ च्याही खाली जातो.

माझा ढोबळ हिशोब असा: दवबिंदू २० च्या खाली असेल तर घाम वाळतो, म्हणून पाणी आणि सावली सांभाळली की भागतं. २४ च्या वर गेला की घाम नुसता ओघळतो, अंग थंड करत नाही. मग ३४ अंशांचा दिवस अंगाला बेचाळिसासारखा लागतो, आणि इथे पंखा, वाऱ्याची जागा आणि विश्रांती यांना पाण्याइतकंच महत्त्व येतं. रात्रीही हाच आकडा बघा. दवबिंदू २६ असेल तर रात्रीचं तापमान त्याच्या फार खाली जात नाही, त्यामुळे पत्र्याच्या घरात किंवा वरच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रात्रभर आराम मिळत नाही. सलग तीन-चार रात्री अशा गेल्या की त्रास सुरू होतो.

आता इशाऱ्यांबद्दल. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करायला कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असावं लागतं. मैदानी भागासाठी हीच मर्यादा ४० आहे. आपल्याकडे मे महिन्यात याहून जास्त वेळा निघतो तो "उष्ण व दमट हवामान" असा इशारा. लोक तो हलक्यात घेतात, कारण त्यात "लाट" हा शब्द नसतो. पण साइटवर सळई बांधणाऱ्याला, एपीएमसीत आंब्याच्या पेट्या उचलणाऱ्या माथाडीला दोन्ही सारखेच.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानावर भर दुपारी झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता, काही ४५ नव्हता. तासन् तास उघड्यावर बसणं आणि दमट हवा, एवढं पुरे झालं.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोक जायला लागला, अंग चटका बसेल इतकं गरम लागलं, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं अजिबात नाही. मेहनतीचं काम करणाऱ्याला घाम येत असतानाही तो होतो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत आणून कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ किंवा गार ओले कपडे ठेवा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नका. पन्हं, ताक, ओआरएस हे सगळं त्याच्या आधीच्या तासांसाठी.

संध्याकाळचा वळीव: पूर्वेकडे बघा

पावसाळ्यात ढग समुद्राकडून येतात, म्हणून आपल्याला पश्चिमेकडे बघायची सवय असते. मे महिन्यातला वळीव उलट्या बाजूने येतो. दुपारी सह्याद्रीच्या अंगावर, माळशेज, भीमाशंकर, खंडाळ्याच्या बाजूला ढग उभे राहतात. वरच्या थरात पूर्वेचा वारा असेल तर तेच ढग सरकत मुरबाड, बदलापूर, कर्जत, खोपोली करत आपल्याकडे येतात. ऐरोली-नेरुळच्या उंच इमारतींतून पूर्वेला मलंगगडाच्या आणि माथेरानच्या दिशेने दुपारी तीननंतर नजर टाका. पांढरे कोबीसारखे ढग नुसते फुगत असतील तर अजून वेळ आहे. त्यातल्या एखाद्याचा माथा सपाट होऊन बाजूला पसरायला लागला की तो ढग पिकला. खाली त्याच्या पोटात गडगडाट सुरू झालेला असतो.

आता रडार उघडा. मुंबईत कुलाबा आणि वेरावली इथे डॉपलर रडार आहेत आणि त्यांची चित्रं हवामान विभागाच्या संकेतस्थळावर व "मौसम" अ‍ॅपवर मिळतात. एक चित्र बघून काही कळत नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने दोन बघा. लाल-केशरी ठिपका पहिल्या चित्रात कुठे होता, दुसऱ्यात कुठे गेला, मोठा झाला की विरला, इतकंच पाहायचं. बदलापूर ते ऐरोली सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर, मुरबाड ते ठाणे चाळीस-पंचेचाळीस, खोपोली ते खारघर चाळीसच्या आत. असे ढग साधारण ताशी २० ते ४० किलोमीटर वेगाने सरकतात. म्हणजे बदलापूरवर ढग भरात असताना ऐरोलीकराच्या हातात अर्धा-पाऊण ते सव्वा तास असतो. कपडे, वाळवण, गच्चीवरचं सिमेंट उचलायला तेवढा पुरतो.

पुष्कळदा हा ढग मुंब्रा-शिळफाट्यापर्यंत येतो आणि विरतो, आणि आपण नुसत्या विजा बघत बसतो. ढगाच्या खालून येणारा गार झोत आणि समोरून येणारा खारा वारा जिथे भिडतात, तिथे कधी नवा ढग उठतो, कधी जुना मरतो. हे कोणी आदल्या दिवशी सांगू शकत नाही, म्हणून तीन तासांच्या अंदाजाला पर्याय नाही.

जवळ आल्याची खूण मात्र पक्की आहे. संध्याकाळभर वाहणारा पश्चिमेचा वारा अचानक पडतो. पान हलत नाही, उकाडा असह्य होतो. मग पूर्वेकडून धूळ घेऊन थंड वारा आदळतो आणि दारं-खिडक्या आपटायला लागतात. या क्षणापासून पावसाला पाच ते पंधरा मिनिटं. सगळ्यात जास्त नुकसान याच मिनिटांत होतं, पाऊस सुरू व्हायच्या आधी. १३ मे २०२४ च्या संध्याकाळी असंच धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. तेव्हा वारा पडून धूळ दिसायला लागली की होर्डिंग, बांधकामाचा परांचा, गुलमोहर आणि पत्र्याच्या शेडखाली थांबू नका. मोटारसायकलवाले नेमके तिथेच थांबतात. उड्डाणपुलाखाली रस्त्यात गाड्या लावणं हीदेखील आपल्याकडची खोड, तीही नको.

विजेसाठी सोपा हिशोब: चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर मैदान, गच्ची, खाडीकाठ सोडून पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं "दामिनी" अ‍ॅप तुमच्या आसपास वीज पडतेय का ते दाखवतं. खाडीत होडी घेऊन जाणाऱ्यांनी आणि टर्फवर मुलं खेळायला पाठवणाऱ्यांनी ते ठेवावंच.

आता आपली हळद. शनिवारी दुपारी चारला मुरबाड-कर्जतच्या पट्ट्यात रडारवर काहीच नसेल तर निर्धास्त राहा, साताठपर्यंत फार तर ढग येतील. चारलाच तिथे लाल ठिपके दिसत असतील आणि जिल्ह्याला इशारा असेल, तर मंडपवाल्याला बोलावून चारी बाजूंचे पडदे सोडवून काढायला सांगा, म्हणजे वारा आरपार जाईल. बंद मंडप शिडासारखा उचलला जातो. दोर खुंटांना पुन्हा ताणून घ्या, जनरेटर आणि डीजेच्या वायरी जमिनीवरून उचलून घ्या, आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला जवळच्या पक्क्या घराची ओटी मोकळी करून ठेवा. मंडपवाला "काही होत नाही ओ, दरवर्षी बांधतो" म्हणणारच. त्याला दोर ताणायला लावा.

अरबी समुद्रावर एक डोळा

मेचा दुसरा पंधरवडा आणि जूनचा पहिला आठवडा हा अरबी समुद्रात चक्रीवादळं होण्याचा काळ. दरवर्षी होतंच असं नाही, आणि झालेलं बहुतेक ओमान नाहीतर गुजरातकडे जातं. पण १७ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याला न धडकता मुंबईजवळून समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, तरीही सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. मुंबई-ठाणे वाचलं आणि श्रीवर्धन-मुरूडची वाताहत झाली. चक्रीवादळाच्या वाटेच्या उजव्या बाजूला वारा जास्त जोराचा असतो आणि आपण डाव्या बाजूला होतो, हे त्यामागचं एक मोठं कारण.

पत्रकात पायऱ्या बघा: कमी दाबाचं क्षेत्र, मग डिप्रेशन, मग डीप डिप्रेशन, आणि वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला की चक्रीवादळ, तेव्हाच त्याला नाव मिळतं. "कमी दाबाचं क्षेत्र" या पायरीवर घाबरायचं कारण नाही, त्यातली बरीचशी तिथेच विरतात. किनाऱ्याला धोका असेल तर सुमारे ४८ तास आधी अलर्ट आणि २४ तास आधी वॉर्निंग निघते. नकाशावर वादळाच्या वाटेभोवती जो रुंद होत जाणारा पट्टा असतो, तो वादळाचा आकार नसून केंद्र कुठे कुठे जाऊ शकतं त्याची शक्यता असते. मधल्या रेषेवर आपण नाही म्हणून सुटलो असं नसतं.

अलर्ट निघाला की घरची कामं ठरलेली: बाल्कनीतल्या कुंड्या आणि कपड्यांचे स्टँड आत, खिडकीबाहेरचे एसीचे पत्रे तपासून, टाकी भरून, फोन आणि पॉवर बँक चार्ज करून. वीज गेली तर महावितरणचा १९१२. झाडाची फांदी तारेवर पडली असेल तर ती हलवायला कोणी वॉचमन किंवा हौशी तरुण पुढे होऊ देऊ नका.

पावसाबरोबर भरतीची वेळ जुळवा

हे ठाण्यापेक्षा नवी मुंबईला जास्त लागू. शहर खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून वसवलंय आणि काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने धारण तलाव ठेवले: भरती चढली की खाडीकडची झापं बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला बाहेर जातं. गाळाने तलाव उथळ झाले की ही गोष्ट नीट चालत नाही, आणि त्यावरची भांडणं वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तुम्ही एवढंच करा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या दोन-तीन दिवसांत, साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या आगेमागे दोन तास जोराचा पाऊस असेल, तर तळमजल्याच्या आणि बेसमेंटच्या गाड्या आधीच वर काढा. भरतीचं वेळापत्रक मुंबई बंदराचं असतं, ठाणे खाडीच्या टोकाला पाणी थोडं उशिरा चढतं. दिवाळे, करावे, कोपरीच्या कोळी मंडळींना उधाणाचा हिशोब तिथीवरून तोंडपाठ असतो. ओळख असेल तर त्यांनाच विचारा.

पावसाचे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. "आज ७० मिलिमीटर" म्हणजे काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ. आणि ६४.५ मिलिमीटरपासून "जोरदार", ११५.६ पासून "अति जोरदार", २०४.५ पासून "अत्यंत जोरदार" ही विभागणीही चोवीस तासांची. वळीव तीस-चाळीस मिलिमीटरच पडतो, कागदावर "मध्यम" ठरतो, पण तो तासाभरात पडतो आणि गटारं अजून मेच्या कचऱ्याने तुंबलेली असतात.

मान्सून आला का, आणि कामांची मुदत

मुंबई परिसरात मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. त्या हिशोबाने सोसायट्या आणि पालिका मान्सूनपूर्व कामांना ३१ मेची मुदत देतात. २०२५ मध्ये तो २६ मेलाच, सोळा दिवस आधी येऊन धडकला आणि नाल्यातला गाळ काठावरच राहिला. म्हणून माझ्या मते सोसायटीच्या कामांची मुदत २० मे धरावी. क्रम असा: आधी टेरेसचं वॉटरप्रूफिंग, कारण त्याला सलग कोरडे दिवस लागतात. मग झाडांची छाटणी, तीही पालिकेची परवानगी घेऊन, तेव्हा अर्ज एप्रिलमध्येच टाका. मग पावसाच्या पाण्याचे पाइप आणि आवारातली गटारं. मीटर रूममध्ये पाणी शिरत असेल तर उंबरा वाढवणं आणि पंपाची दुरुस्ती शेवटी चालेल. मुंब्रा-कळव्याला पारसिकच्या उताराखाली राहणाऱ्यांनी मागच्या भिंतीतली पाणी जायची भोकं मोकळी आहेत का ते पाहणं या सगळ्याच्या आधी.

पहिल्या पावसाला मान्सून म्हणायची घाई सगळ्यांना असते. वळीव दुपारनंतर येतो, विजा घेऊन येतो, अर्ध्या-पाऊण तासात उरकतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन पुन्हा तसंच कडक पडतं. मान्सूनच्या सरी नैर्ऋत्येकडून येतात, पहाटेही येतात, ढग खालून पळतात, गडगडाट फारसा नसतो, आणि वारा दिवसरात्र एकाच बाजूने वाहतो. रात्रीचा मतलई वारा येईनासा झाला, पहाटेही झेंडा पूर्वेकडेच फडकतोय असे दोन-तीन दिवस गेले, की जाहीर व्हायच्या आधीच अंदाज करायला हरकत नाही.

लवकर आलेला मान्सून रेंगाळू शकतो. २०२५ मध्ये तो मेअखेर आला आणि पुढे सुमारे पंधरवडाभर पुढे सरकलाच नाही. ज्यांची मुरबाड-शहापूरला शेती आहे आणि भाताची रोपवाटिका धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीत, पेरायची आहे, त्यांना याचा फटका बसतो: दोन सरींवर बी उगवतं आणि मग उन्हात करपतं. अशा वेळी गुरुवारचा विस्तारित अंदाज उघडा. पुढच्या दोन आठवड्यांत कोकणावर सरासरीपेक्षा कमी पाऊस दाखवला असेल आणि बांधावर पाण्याची सोय नसेल, तर सगळं बियाणं एकदम टाकू नका. अर्धं टाका, उरलेलं पुढच्या गुरुवारचा नकाशा बघून.